उपचार कुठवर पोहोचला, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मेंदूच्या कर्करोगावरच्या जनुकीय उपचाराची बातमी आपण गेल्या आठवड्यात पहिल्या पानावर छापली. गाठीतल्या पेशींमध्ये बाहेरून एक जनुक सोडायचं आणि त्या पेशींना आपल्या आपण मरायला लावायचं, असं ते संशोधन. विषय मोठा आहे आणि तो मराठीत आला याचा मला मनापासून आनंद झाला. पण मथळा वाचून कुणालाही वाटावं की हे इंजेक्शन आता मिळायला लागलं. प्रयोग उंदरांवर झाला, हे पान सातवर, उरलेल्या मजकुराच्या शेवटच्या परिच्छेदात होतं. लोक कात्रण काढतात ते पहिल्या पानाचं. पान सात घरीच राहतं.

उदगीरला माझं औषधांचं दुकान आहे. सरकारी दवाखान्याच्या चिठ्ठ्या, बिदरच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, लातूर-हैदराबादला ऑपरेशन करून आलेल्यांच्या फायली, सगळं माझ्या काउंटरवर येतं. मेंदूच्या गाठीचे रुग्ण फार नसतात, पण असतात. त्यांच्या घरची माणसं दारातच ओळखू येतात. हातात एमआरआयची मोठी पिशवी असते आणि चिठ्ठीवर बहुतेक तीच औषधं असतात : फिट येऊ नये म्हणून लेव्हेटिरासिटाम, मेंदूवरची सूज उतरायला डेक्सामेथासोन, आणि कर्करोगाच्या पेशी मारायला टेमोझोलोमाइडच्या कॅप्सूल. त्या आम्ही दुकानात ठेवत नाही, मागवून देतो.

आपली बातमी आली त्याच आठवड्यात देवणी तालुक्यातली एक बाई कात्रण घेऊन आली. नवऱ्याच्या डोक्याचं ऑपरेशन हैदराबादला झालेलं, तपासणीत ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूचा झपाट्यानं वाढणारा कर्करोग, निघालेला. रेशनकार्ड ठेवायच्या प्लास्टिकच्या पाकिटातून तिनं ते कात्रण काढलं आणि काउंटरवर ठेवून म्हणाली, "दादा, हे सुईचं औषध तुमच्याकडं भेटतंय का? का हैदराबादलाच जावं लागंल?" तिच्या मावसभावानं तोवर एका मोठ्या शहरातल्या खासगी दवाखान्याचा नंबरही मिळवला होता. तिथं म्हणे "जीनचं इंजेक्शन" देतात. आधी अर्धे पैसे भरायचे, उरलेले नंतर. त्या पैशांसाठी विहिरीलगतचं एक एकर रान विकायचं ठरलं होतं, गिऱ्हाईकही लागलं होतं.

मी दुकानातूनच त्या नंबरवर फोन लावला. कोणतं जनुक देता, ते पेशीत पोचवायला कोणता विषाणू वापरता आणि तुमच्या चाचणीचा सीटीआरआय नंबर, म्हणजे देशातल्या औषधचाचण्यांच्या सरकारी यादीतला नोंदणी क्रमांक काय, असं विचारलं. पलीकडच्या माणसानं "ते डॉक्टरसाहेब समोर बसवून सांगतील, तुम्ही आधी बुकिंग करा" एवढंच म्हटलं. मी औषधांच्या धंद्यातला आहे असं सांगितल्यावर फोन कट झाला. पुन्हा लागलाच नाही.

आपल्या बातमीत त्या दवाखान्याचं नाव नव्हतं, हे मला ठाऊक आहे. पण असल्या लोकांना बातमीच लागते. कात्रण पुढं केलं की निम्मं काम झालेलं असतं. पेपरात आलंय म्हटल्यावर आमच्याकडचा माणूस शंका घेत नाही, आणि ज्याच्या घरात चाळिशीचा कर्ता माणूस अंथरुणावर आहे तो तर नाहीच घेत.

या उपचाराबद्दल मला जे माहीत आहे ते इथं लिहितो, कारण हे विज्ञान खरं आहे आणि ते लोकांना नीट कळलं पाहिजे असं मला वाटतं.

आपल्या शरीरात रोज अगणित पेशी ठरल्याप्रमाणे मरतात. पेशी आतल्या आत आक्रसते, तिचे तुकडे होतात, शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात, सूजही येत नाही. केर, वायली आणि करी या तिघांनी १९७२ साली या मरणाला अ‍ॅपोप्टॉसिस हे नाव दिलं. पुढं मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीवर काम करताना दिसलं की त्याच्या वाढीच्या काळात १०९० पेशी तयार होतात आणि त्यातल्या १३१ मरतात. प्रत्येक कृमीत त्याच १३१. म्हणजे कुणी कधी मरायचं हे जनुकांतच लिहिलेलं असतं. या कामासाठी ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना २००२ सालचं नोबेल मिळालं. कर्करोगाच्या पेशीत नेमकी हीच व्यवस्था बिघडते. बिघडलेल्या पेशीला मरायला लावणारं पी-५३ सारखं जनुक निकामी झालं की डीएनए मोडलेली पेशीही मरत नाही, वाढतच राहते. मरणं विसरलेल्या पेशीला मरायला लावायचं, हा या सगळ्या उपचारांमागचा विचार आहे.

यातली सगळ्यात जुनी रीत माझ्या रोजच्या औषधांच्या जवळची आहे. नागीण झाली की डॉक्टर असायक्लोव्हिर लिहून देतात. त्याचंच भावंड गॅनसायक्लोव्हिर. हर्पीस जातीच्या विषाणूंवर ते चालतं, पण एरवी आपल्या पेशीत बरंचसं सुप्तच राहतं, कारण त्याला जागं करणारं थायमिडीन कायनेज नावाचं एन्झाइम विषाणूचं असतं, त्या जातीचं आपल्याकडं नसतं. शास्त्रज्ञांनी हर्पीसचं ते एक जनुक उचललं, गाठीच्या पेशींत घातलं आणि मग शिरेतून गॅनसायक्लोव्हिर दिलं. ज्या पेशीत जनुक पोचलं तिथंच औषधाचं विष होतं. डीएनएची नवी साखळी मध्येच अडते आणि पेशी मरते. त्यातलं थोडं विष शेजारच्या पेशींत झिरपतं, म्हणून जनुक न मिळालेल्या काही पेशीही जातात. जनुक नेण्यासाठी वापरलेला रेट्रोव्हायरस जातीचा विषाणू विभागणाऱ्या पेशीतच आपलं बस्तान बसवू शकतो. मोठ्या माणसाच्या मेंदूतल्या चेतापेशी विभागत नाहीत, गाठीच्या पेशी विभागतात. या उपचारासाठी मेंदूच का निवडला, ते यावरून कळतं. १९९२ साली अमेरिकेत प्रयोगशाळेतल्या उंदरांवर हे करून पाहिलं तेव्हा मेंदूतल्या गाठी नाहीशा झाल्या. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री उशिरापर्यंत झोप लागली नव्हती, इतकी ती कल्पना देखणी आहे.

मग माणसांवर चाचण्या झाल्या. २००० साली एका मोठ्या चाचणीचे निकाल आले. २४८ रुग्ण होते. निम्म्यांना ऑपरेशन, रेडिएशन आणि वर हा जनुकीय उपचार, निम्म्यांना नुसतं ऑपरेशन आणि रेडिएशन. दोन्ही गटांतले रुग्ण सरासरी वर्षाच्या आसपासच जगले. फरक पडला नाही. नंतर युरोपात हेच जनुक दुसऱ्या, अ‍ॅडेनो जातीच्या विषाणूतून दिलं. गाठ काढल्यावर जी पोकळी राहते तिच्या भिंतीत सर्जननं स्वतः सुया टोचून. २५० रुग्णांच्या त्या चाचणीचा निकाल २०१३ मध्ये छापून आला. पुन्हा उपचार करावा लागेपर्यंतचा किंवा मृत्यूपर्यंतचा काळ थोडा लांबला, पण एकूण आयुष्य वाढल्याचं सिद्ध झालं नाही आणि ते औषध बाजारात आलं नाही. त्यानंतर टोका ५११ नावाचा जनुकीय उपचार आला. त्यात जनुक वेगळं होतं. रुग्णाला फ्लुसायटोसिन हे बुरशीवरचं औषध द्यायचं आणि जनुक असलेल्या पेशीत त्याचं फाइव्ह-एफयू तयार व्हायचं. फाइव्ह-एफयू हे कर्करोगाचं जुनं, खात्रीचं औषध. पहिल्या छोट्या चाचण्यांचे आकडे इतके चांगले होते की जगभर आशा लागली. मग ४०३ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. हा उपचार मिळालेल्यांचं मध्यक आयुष्य, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ, ११.१ महिने होतं, नेहमीचे उपचार मिळालेल्यांचं १२.२ महिने. २०१९ मध्ये ते काम थांबलं.

असं का होतं? उंदराच्या मेंदूतली गाठ मटाराच्या दाण्याहूनही लहान आणि बरीचशी एका जागी असते. माणसाच्या मेंदूतला ग्लायोब्लास्टोमा काळ्या रानातल्या हरळीसारखा पसरतो. वरचं खणून काढलं तरी धागे दूरवर चांगल्या मेंदूत गेलेले असतात. सुईनं सोडलेला विषाणू टोचल्या जागेपासून काही मिलिमीटरच्या पलीकडं फारसा जात नाही. रक्तातून पाठवावा तर रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये जी नैसर्गिक आडभिंत आहे ती त्याला अडवते. मारण्याची रीत बरोबर आहे. अडचण आहे ती प्रत्येक पेशीपर्यंत पोचण्याची. आपल्या बातमीत हे दोन वाक्यांत सांगता आलं असतं.

निराशेचंच सगळं चित्र आहे असंही नाही. जपानमध्ये जून २०२१ मध्ये टोकियो विद्यापीठाच्या तोदो यांच्या गटानं घडवलेल्या हर्पीस विषाणूला मेंदूच्या घातक गाठीसाठी परवानगी मिळाली. हा विषाणू कर्करोगाच्या पेशीत शिरून वाढतो, तिला फोडतो आणि पुढच्या पेशीत जातो. निरोगी पेशीत तो वाढू नये म्हणून त्याची तीन जनुकं बदललेली आहेत. परवानगी ज्या चाचणीवर मिळाली तिच्यात रुग्ण होते १९, आणि वर्षभरानंतर हयात होते ८४.२ टक्के. परवानगी सशर्त आणि ठरावीक मुदतीची आहे, पुढची माहिती जमा करायच्या अटीवर दिलेली. एकोणीस जणांवरून जगाला सांगण्यासारखं काही सिद्ध होत नाही, पण पुढं जाण्यासारखं नक्की आहे. मला वाटतं, यात एक दिवस यश येईल. म्हणूनच आज जे नाही ते आहे असं सांगितलेलं मला सोसत नाही.

जे खरोखर हाती आलंय त्याकडं मात्र पाठ फिरवली जाते, आणि याचं मला जास्त वाईट वाटतं. टेमोझोलोमाइडचं घ्या. २००५ साली ५७३ रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला. नुसत्या रेडिएशननं मध्यक आयुष्य १२.१ महिने होतं, सोबत ही कॅप्सूल दिल्यावर १४.६ महिने झालं. दोन वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण शंभरात दहावरून सव्वीसवर गेलं. अडीच महिने ऐकायला थोडे वाटतात, पण दहाचे सव्वीस होणं थोडं नाही. ही कॅप्सूल आज लातूरच्या ठोक विक्रेत्याला सांगितली की मागवून मिळते. कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि रेडिएशन महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं. आणि माझ्यासमोर माणसं इंजेक्शनाच्या नादात रेडिएशनची तारीख पुढं ढकलायच्या गोष्टी करतात. रेडिएशन काही आठवडे, आठवड्यातले पाच दिवस, न चुकता घ्यायचं असतं. मध्ये पडलेला खंड सहजी भरून निघत नाही.

आणखी एक गोष्ट मी काउंटरवर इतकी पाहिलीय की ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आहे. गाठीभोवतीची सूज ते एक-दोन दिवसांत उतरवतं. ओकाऱ्या थांबतात, डोकं दुखायचं थांबतं, उचलला न जाणारा हात उचलला जातो, माणूस उठून बसतो आणि भाकरी मागतो. घरच्यांना वाटतं गाठ विरघळली. गाठ तिथंच असते. आता कल्पना करा, कुणी सलाइनमधून कसलंही रंगीत पाणी दिलं आणि सोबत हे स्टेरॉइड दिलं, तर दोन दिवसांत किती मोठा चमत्कार दिसेल! त्या चमत्काराच्या बळावर उरलेले पैसेही वसूल होतील. शिवाय ही गोळी मनानं एकदम बंद केली तर माणूस कोसळू शकतो. "आता बरं वाटतंय" म्हणून ती बंद करणारे माझ्याकडं येऊन गेलेत. प्रत्येकाला मी पुन्हा डॉक्टरकडं पाठवतो.

जनुकीय उपचार म्हणजे निदान अपाय तरी नाही, असंही लोक धरून चालतात. १९९९ साली अमेरिकेत जेसी गेल्सिंगर हा अठरा वर्षांचा मुलगा अशाच एका चाचणीत गेला. आजार यकृताचा होता, औषध-पथ्यावर त्याचं बरं चाललं होतं. जनुक नेणाऱ्या विषाणूवर त्याच्या शरीराची जी प्रतिक्रिया उठली तिनं चार दिवसांत त्याला नेलं. त्यानंतर जगभर नियम कडक झाले. आपल्याकडंही नवीन औषधं आणि चाचण्यांचे नियम २०१९ साली आले. नैतिक समितीची मंजुरी, रुग्णाची लेखी संमती, इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई, हे त्यात आहे. देशातली प्रत्येक औषधचाचणी सीटीआरआयमध्ये नोंदवणं जून २००९ पासून सक्तीचं आहे. ती यादी इंटरनेटवर कुणालाही फुकट बघता येते. नंबर सीटीआरआय, मग वर्ष, मग महिना अशा क्रमानं सुरू होतो. आणि खऱ्या चाचणीत प्रयोगाच्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. प्रयोग म्हणायचं आणि लाखो रुपये आगाऊ मागायचे, हे जिथं दिसेल तिथून उठून यावं. एवढी एक ओळ जरी त्या बातमीखाली असती तरी त्या बाईला माझ्या दुकानापर्यंत यायची गरज पडली नसती.

"पण आपल्याकडं मुंबईत जीनचा उपचार निघालाय की," असं मला शिकलेली माणसंही ऐकवतात. निघालाय, आणि त्याचा अभिमान वाटायला हवा. आयआयटी मुंबई आणि टाटा रुग्णालय यांच्या कामातून आलेल्या कार-टी उपचाराला, म्हणजे रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशींत जनुक घालून त्या परत देण्याच्या उपचाराला, ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली, एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं. तो रक्ताच्या काही कर्करोगांसाठी आहे. मेंदूच्या गाठीसाठी नाही. दोन बातम्या डोक्यात एक होतात आणि त्यातून तिसरीच गोष्ट गावात फिरते.

माझं मागणं आहे की अशा बातमीसोबत तिथंच, पहिल्याच पानावर, मथळ्याला लागून एक छोटी चौकट द्या. प्रयोग कशावर झाला, काचेच्या थाळीतल्या पेशींवर, उंदरांवर की माणसांवर, आणि माणसांवर असेल तर किती जणांवर. भारतात तो कुठं मिळतो का, आणि मिळत नसेल तर "मिळत नाही" असं सरळ. आज रुग्णानं कुठं जावं तेही. जागा नसेल तर संशोधकांचा फोटो लहान करा. बातम्या इंग्रजी वृत्तसंस्थेकडून येतात, वेळ थोडा असतो, हे मी समजू शकतो. पण लातूर, नांदेड, अंबाजोगाई, छत्रपती संभाजीनगर, चारही ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. संध्याकाळी एक फोन केला तर सांगणारा डॉक्टर नक्की मिळेल.

खेड्यातल्या माणसाला एवढं सगळं कळत नाही, असं कुणी म्हणेल. बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या माणसांनी १९८७ पासून बार्शीसोबत आमच्या मराठवाड्यातल्या परंडा आणि भूम तालुक्यांत गावोगाव फिरून, लोकांशी बोलून कर्करोगाची नोंद ठेवली. देशातली ती पहिली ग्रामीण नोंदणी. समोर बसून नीट सांगितलं की लोकांना कळतं. देवणीच्या त्या ताईला मी उंदीर आणि माणूस यातला फरक सांगितला, तेव्हा तिनं एकच प्रश्न विचारला : "मग ह्यांचं शेकायचं चालू ठेवू ना?" रेडिएशनला आमच्याकडं शेकणं म्हणतात. तिच्या नवऱ्याचं शेकणं सध्या सुरू आहे. रानाचा व्यवहार तिनं मोडला.

शेवटचं एक. टोका ५११ च्या सुरुवातीच्या यशाच्या बातम्या मी तेव्हा मोठ्या अपेक्षेनं वाचल्या होत्या. ते फसल्याची बातमी मला मराठीत कुठंच दिसली नाही, मी ती शोधून इंग्रजीत वाचली. सुरुवात छापायची आणि शेवट सोडून द्यायचा, यामुळं वाचकाला वाटत राहतं की उपचार कुठंतरी तयार आहे आणि फक्त आपल्यालाच मिळत नाही. गेल्या आठवड्यातल्या संशोधनाच्या बाबतीत असं होऊ देऊ नका. माणसांवरची पहिली चाचणी सुरू झाली की ते छापा. किती जणांना दिलं आणि त्यातले किती जगले, हे कळेल तेव्हा तेही छापा, निकाल चांगला असो की वाईट, आणि पहिल्याच पानावर.

आपला,
एक औषध विक्रेता,
उदगीर, जि. लातूर